आत्याचं वय आधारावर ६१, मतदान कार्डावर ६८. श्रावणबाळचा अर्ज कशावर भरावा?

डोंगरपट्टा (प्रश्न विचारणारा):

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं. मी स्वतः सात वर्षांपासून चाकणला कंपनीत कामाला आहे, गावाकडे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जाणं होतं. प्रश्न माझ्या आत्याचा आहे, तिच्या श्रावणबाळच्या, म्हणजे सरकारच्या म्हातारपणाच्या पेन्शनच्या अर्जाचा. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवट मिळतं, हे तहसीलला चार चकरा मारल्यावर कळलंय.

आत्या लग्नानंतर सात-आठ वर्षांत विधवा झाली. मूलबाळ नाही. सासरी ठेवून घेतलं नाही म्हणून आजोबांनी तिला माहेरी आणलं. त्यानंतर कितीतरी हंगाम तिनं माझ्या आईवडिलांबरोबर ऊस तोडला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आत्याचा अर्धा कोयता. पुढं कंबर गेली तशी ती गावातच राहिली आणि आम्हा तिघा भावंडांना तिनं सांभाळलं. आईबाप दिवाळी झाली की कारखान्याला जायचे ते उन्हाळ्यात परत यायचे. तेवढे पाच-सहा महिने आमची आई म्हणजे आत्याच. भाकरी थापून झाली की शेवटच्या भाकरीच्या पापुद्र्यात तेल-मीठ घालून ती आम्हाला वाटून द्यायची. आज तिला कुणाच्या शेतात खुरपायला बोलावत नाहीत, कारण बसलं की उठता येत नाही. मी महिन्याला जमेल तसे पैसे पाठवतो, पण तिचं म्हणणं एकच, "माझ्या नावाचं काहीतरी येऊ दे रे. तुझ्या लेकराच्या तोंडचं नगं."

आता वयाचा घोळ. तिची जन्मतारीख घरात कुणालाच माहीत नाही. ती सांगते, "बहात्तरच्या दुस्काळात मी खडी फोडायला व्हते. लगीन झालेलं व्हतं. सुकडी खाऊन दिस काढले." म्हणजे तेव्हा ती १५-१६ वर्षांची तरी असणार. आधारच्या शिबिरात ऑपरेटरने तोंडाकडे बघून ०१/०१/१९६४ टाकलं. त्या हिशोबाने दुष्काळात ती आठ वर्षांची होते. आठ वर्षांची पोर लग्न होऊन रोजगार हमीवर खडी फोडत होती का? जुनं काळं-पांढरं मतदान कार्ड आहे, त्यावर लिहिलंय "१.१.१९९५ रोजी वय ३८". हे बरोबर वाटतं.

२०२४ ला लाडकी बहीण योजना आली. अंगणवाडीताईंनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघितली आणि म्हणाल्या, आत्या, मतदान कार्डाप्रमाणे तुमची ६५ उलटली, फॉर्म बसत नाही. आत्यानंही वाद घातला नाही, "खरंय बाई, म्हातारीच हाये मी" म्हणून घरी आली. मग आम्ही श्रावणबाळचा अर्ज करायला गेलो, तर खिडकीवर सांगितलं, आधारप्रमाणे ६५ पूर्ण नाहीत, २०२९ ला या. एका ठिकाणी वय जास्त, दुसऱ्या ठिकाणी कमी. बाई तीच, कार्डं तीच.

तहसीलबाहेर एक जण म्हणाला, चार हजार द्या, वयाचं मी करून देतो. मला ते नको आहे. तिचं वय खरंच झालंय, मग खोटा कागद कशाला?

आणखी अडचणी: दारिद्र्यरेषेच्या यादीत तिचं नाव नाही. सर्व्हे झाला तेव्हा घर कुलूपबंद, सगळे कारखान्यावर. उत्पन्नाचा दाखला काढला तर ४८,००० चा आला, कारण रेशन कार्डावर ती माझ्या वडिलांच्या कुटुंबात आहे. खरं तर तिची चूल दहा-बारा वर्षांपासून वेगळी आहे, आमच्या घराला लागून एक पत्र्याची खोली आहे तिची. आणि बँकेत तिचा अंगठा लागत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपा करून सांगा, सुरुवात कुठून करू?

महसूल ३१ वर्षे:

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, संजय गांधी शाखेचं, म्हणजे तहसीलमध्ये निराधार आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे अर्ज बघतात तिथलं, टेबल पाच वर्षं माझ्याकडे होतं. तुमचं लिहिणं वाचून टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या बायका आठवल्या. एकेक मुद्दा घेतो.

वय. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी ६५ वर्षं पूर्ण लागतात, हे बरोबर. पण वयाचा पुरावा म्हणून शासनाने जे कागद सांगितलेत त्यात जन्मनोंदीचा उतारा आहे, शाळा सोडल्याचा दाखला आहे, शिधापत्रिकेत किंवा मतदार यादीत नमूद वयाचा उतारा आहे, आणि यातलं काही नसेल तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी किंवा त्यांच्या वरच्या दर्जाच्या सरकारी डॉक्टरांनी दिलेला वयाचा दाखला आहे. म्हणजे तुमच्या आत्याबाईंचं ते १९९५ चं मतदान कार्ड कपाटात ठेवायची वस्तू नाही. तहसीलच्या निवडणूक शाखेतून मतदार यादीचा साक्षांकित उतारा मागा. जमलं तर जुन्या यादीचा.

आधार हा ओळखीचा कागद आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. हे आधारवाल्यांनी स्वतःच स्पष्ट केलंय, नव्या कार्डांवर तसं छापूनही येतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारावरची तारीख बाजूला ठेवून शाळेच्या दाखल्यावरचं वय धरलं. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, त्याच्यापुढे दिवसाला शंभर माणसं असतात. म्हणून तोंडी वाद घालू नका. कागद जोडून अर्ज द्या, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या. नाकारायचा असेल तर लेखी कारण द्या म्हणा. तोंडी "२०२९ ला या" म्हणणं सोपं असतं. तेच कागदावर लिहायची वेळ आली की माणूस नियम उघडून बघतो.

दारिद्र्यरेषा. यादीत नाव नाही म्हणून योजना बंद होत नाही. श्रावणबाळमध्ये दोन गट आहेत. गट अ म्हणजे यादीत नाव असलेले, त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचे २०० आणि राज्याचे १३०० असे मिळतात. गट ब म्हणजे यादीत नाव नसलेले, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असलेले. त्यांना राज्याकडून पूर्ण १५००. हातात पडणारी रक्कम एकच. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने हजाराचे दीड हजार झाले, ते दोन्ही गटांना. पिवळं रेशन कार्ड म्हणजेच दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, असंही समजू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात भले भले फसतात.

उत्पन्न. तुमची खरी अडचण ही आहे, वय नव्हे. याचं सेतूचं काम करणाऱ्या कुणीतरी सांगावं, मी निवृत्त होऊन बराच काळ झाला.

त्या चार हजारवाल्याला एक रुपया देऊ नका. या अर्जाला तसा खर्च नाही. शपथपत्राला ५०० चा स्टॅम्पपेपर आणा असं कुणी म्हणालं तर सरकारी कार्यालयात दाखल्यांसाठी द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे हे लक्षात ठेवा. साध्या कागदावर चालतं.

सेतूवाली ताई:

दादा, मी तालुक्याच्या गावी आपले सरकार केंद्र चालवते. काकांनी नियमाचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी व्यवहाराचं सांगते.

४८,००० चा दाखला आलाय तो फाडून टाकू नका, पण तो जोडूही नका. उत्पन्न कुटुंबाचं धरतात आणि कुटुंब कोणतं हे रेशन कार्ड सांगतं. आत्याची चूल खरंच वेगळी असेल तर आधी पुरवठा शाखेत अर्ज करून वडिलांच्या कार्डातून तिचं नाव कमी करा आणि तिचं वेगळं कार्ड काढा. मग त्या कार्डावर उत्पन्नाच्या दाखल्याचा नवीन अर्ज. तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठी घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो. खोटं सांगू नका आणि कुणी "२० हजार टाकून देतो" म्हणालं तर तेही नको. तुम्ही पाठवता ते पैसेही विचारतील, खरं सांगा. एकटी विधवा बाई असेल तर अंत्योदयसाठीही विचारून ठेवा. इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्डांची संख्या, शिल्लक असेल तर ३५ किलो धान्याची सोय होते, नाहीतर प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो.

मला या २१,००० चा मनापासून राग येतो. महिन्याचे १,७५० होतात. २०२५-२६ ला आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने वर्षात ६८ दिवस कामाला गेलं की माणूस या मर्यादेच्या बाहेर. माझ्या केंद्रात खरं उत्पन्न सांगणारी माणसं बाहेर राहतात, हे मी रोज बघते.

दुसरा रस्ता. वय कागदावर कमीच राहिलं तरी आत्या विधवा आहेत. ६५ च्या आतल्या निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून तेवढेच १५०० मिळतात. त्याला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागेल. तो आहे का?

बँकेचं शेवटी सांगते, पण ते सगळ्यात जास्त अडतं. आधी तहसीलमधून याद्या बँकेत जायच्या आणि पैसे पडायचे. डिसेंबर २०२४ पासून डीबीटी, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात पैसे, असं झालंय. आता आधारला जे खातं जोडलेलं आहे त्यातच पैसे येणार. नुसती पासबुकची झेरॉक्स जोडून भागत नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय ते दिसतं, ते बघा. अंगठ्याचं मी पुढच्या वेळी लिहिते, गर्दी आहे.

नगरकडचा:

माझ्या आईचं प्रकरण हुबेहूब असंच. आम्ही तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक शोधलं, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. कुणबी नोंदींच्या वेळी ते सगळ्यांना माहीत झालं. आजोबांचं नाव सापडलं, गाव सापडलं, पुढं नुसतं "मुलगी". नावच नाही. मामाचं नाव मात्र लिहिलेलं. आणि आईला तीन बहिणी, त्यातली ही कोणती हे कसं ठरवायचं? दोन दिवस आम्ही तिथं बसलो होतो.

शेवटी शाळेत सापडलं. तुमच्या आत्या एक दिवस जरी शाळेत गेल्या असतील तरी नाव मिळू शकतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, कायमचं जपून ठेवतात. आमची आई म्हणायची मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि रजिस्टरला पहिलीत नाव. घरी विचारा, नीट विचारा. या बायकांना आपण शाळेत होतो हे सांगायचीही लाज वाटते.

डोंगरपट्टा:

सगळ्यांचे आभार. ताई, मृत्यूचा दाखला नाही. आत्याचा नवरा विहिरीच्या कामावर दरड पडून गेला, १९८० च्या सुमारास. सासरच्या गावी ग्रामपंचायतीत विचारलं, त्या वर्षांच्या नोंदीत नाव नाही. विहीर मालकाने तेव्हा पोलीसपाटलाला कळवू दिलं नसावं असं वडील म्हणतात.

नगरकडच्या भाऊंचं वाचून आत्याला फोनवर विचारलं, तू शाळेत गेली होतीस का? थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन पावसाळं गेले. मग शेरडं राखायला लावलं." मी तिच्या हाताखाली वाढलो, आणि हे मला आज कळलं. दिवाळीच्या सुट्टीत गावी जातोय, शाळा उघडली की बघतो.

महसूल ३१ वर्षे:

इतक्या जुन्या मृत्यूची आता नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला तो कायद्यानेच लागतो. साक्षीदार, पंचनामे, सगळं करावं लागेल. होतं, पण आत्याबाईंच्या वयाला ते धावणं झेपायचं नाही. शाळेचा रस्ता आधी संपवा.

सेतूवाली ताई:

अंगठ्याचं राहिलं होतं. ऊस तोडलेल्या, भांडी घासलेल्या, वीटभट्टीवर राबलेल्या बायकांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी कोमट पाण्याने हात धुवायला लावते, पुसून कोरडे करते, मग थोडं खोबरेल लावून परत पुसते. दहाही बोटं करून बघते, करंगळीसुद्धा. अंगठाच पाहिजे असं काही नाही. तरी नाही लागलं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, नवे ठसे आणि डोळ्यांची नोंद. काही ठिकाणी डोळ्यावर किंवा चेहऱ्यावर ओळख पटवता येते. बँकेत विचारा, नाही म्हणाले तर पोस्टात जा. पोस्टाच्या बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन उघडून देतो, ते आधारला जोडूनच उघडतात. चालता न येणाऱ्या माणसाला तेच बरं.

एक काकांच्या विरुद्ध बोलते, राग मानू नका. आधार हा वयाचा पुरावा नाही हे खरं, पण पोर्टलवर नोंदणी करताना आधारवरचीच तारीख समोर येते आणि टेबलावरचा माणूस अडतो. म्हणून जमत असेल तर आधारावरची तारीखही दुरुस्त करा. फक्त एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून भक्कम कागद हातात आल्याशिवाय करू नका. घाईत आणखी एक चूक झाली की जन्माचं अडकलं.

महसूल ३१ वर्षे:

राग कसला, ताई. तुम्ही रोज ते यंत्र चालवता. फक्त एवढंच म्हणेन की दुरुस्तीची वाट बघत अर्ज थांबवू नका. दुरुस्ती एकीकडे, अर्ज एकीकडे. अर्ज आत गेला पाहिजे.

डोंगरपट्टा:

तीन आठवड्यांनी लिहितोय. बरंच घडलं.

शाळेत आत्याला घेऊनच गेलो. मुख्याध्यापक सर चांगले निघाले. म्हणाले, १९६२-६३ चं बघायचं तर वेळ लागेल, बसा. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून तांबड्या कापडात बांधलेली दोन रजिस्टरं काढली. कागद पिवळा नाही, तपकिरी पडलेला, कोपरे पापडासारखे तुटत होते. सर पान उलटताना खालून पट्टी सरकवत होते. एकेका पानावर मुलांचीच नावं. मुलींची पानामागं एखाद-दुसरी.

सापडलं. आत्याचं नाव, पुढं आजोबांचं नाव, मग आडनाव. जन्मतारीख १ जून १९५६, आकड्यात आणि खाली अक्षरीही. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात एकच शब्द, "गैरहजर".

सर म्हणाले, तारीख गुरुजींनी अंदाजे लिहिलेली असणार, त्या काळी बहुतेक पोरांची १ जूनच असायची. मी आत्याला सांगितलं, तुझा जन्म १ जूनचा लिहिलाय. ती म्हणाली, "मिरगाच्या तोंडावर. माय म्हणायची, पेरणीची गडबड व्हती अन् तू झालीस." मग तिनं विचारलं, "त्यात माझ्या बापाचं नाव हाये का?" सरांनी रजिस्टर फिरवून तिच्यासमोर धरलं आणि बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नाही. तरी तिनं त्या ओळीवरून बोट न टेकवता हवेतच हात फिरवला, कागद फाटू नये म्हणून. मला तिथं थांबवेना, बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.

बरं, १.१.१९९५ ला ३८ वय म्हणजे १९५६ बरोबर जुळतं. मतदान कार्ड आणि शाळा, दोन्ही एकच सांगतात. आधारच एकटं वेगळं.

सरांनी निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या त्या नोंदीची नक्कल, सही-शिक्क्यानिशी दिला. आता नवीन अडचण: शाळेत माहेरचं नाव, आधारावर आणि मतदान कार्डावर सासरचं. लग्नाचा कुठलाही कागद नाही.

रेशन कार्डाचं काम सुरू केलंय. नाव कमी करण्याचा अर्ज दिला, पोच घेतली. वडिलांना सुरुवातीला वाईट वाटलं, बहिणीचं नाव आपल्या हातानं कार्डातून काढायचं म्हणून. त्यांना समजावताना माझी एक संध्याकाळ गेली.

महसूल ३१ वर्षे:

फार चांगलं झालं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं स्वयंघोषणापत्र किंवा शपथपत्र करा. सोबत ग्रामसेवक आणि पोलीसपाटील यांचा दाखला घ्या की अमक्याची मुलगी, अमक्याची विधवा पत्नी, ही एकच बाई, इतकी वर्षं या गावात राहते. त्यातच महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्याचं येऊ द्या, तीही अट आहे. शाळेचा उतारा, मतदार यादीचा उतारा, दोन्ही नावांचं शपथपत्र, एवढं एकत्र टाचलं की कुणाला काही बोलायला जागा राहत नाही. तरी शंका काढली तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला आहेच, तो हातात ठेवा.

अर्जाची छाननी झाली की तो तालुका समितीपुढे जातो, समितीची बैठक झाली की मंजुरी. बैठक कधी हे शाखेत विचारत राहा. चिडून नाही, पण दर पंधरा दिवसांनी. विचारणाऱ्याची फाईल वर राहते, हे मी त्या खुर्चीत बसून बघितलंय.

खानदेशी मावशी:

माझं वय ६८, मला श्रावणबाळ चालू आहे. लेका, एक सांगते. पैसे सुरू झाले म्हणजे संपलं असं समजू नको. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझ्या शेजारणीनं दिला नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तिचे चार महिने बंद झाले. ती बँकेच्या पायरीवर बसून रडत होती. आत्याजवळ गावात कुणीतरी ठेव जो ही तारीख लक्षात ठेवील. तू लांब असतोस. आणि पैसे दर महिन्याला एकाच तारखेला येतील असं नाही, कधी दोन महिन्यांचे एकदम येतात. दुकानदाराला तसं आधी सांगून ठेवावं.

डोंगरपट्टा:

मावशी, हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्या गल्लीतला एक मुलगा बारावीला आहे, आत्यानंच त्यालाही लहानपणी खेळवलंय. त्याच्या फोनमध्ये हयातीच्या दाखल्याची आठवण लावून दिली आणि आत्याचे सगळे कागद त्याला दाखवून ठेवले.

बाकीचं सांगतो. वेगळं रेशन कार्ड झालं. तलाठी भाऊसाहेब घरी आले. खोलीत वाकून बघितलं. एक चूल, दोन पातेली, तांब्या, पत्र्याची पेटी, वळणीवर दोन लुगडी. शेजारच्या दोघींना विचारलं, ही कुणाकडे जेवते? एक जण म्हणाली, "करते तिची ती. कधी आमच्याकडचं कोरड्यास नेते." मी पाठवतो ते पैसेही मी स्वतः सांगितले, कधी किती, ते लिहून घेतलं. उत्पन्नाचा दाखला १८,००० चा आला.

अर्ज परवा दिला. खिडकीवर तोच कर्मचारी होता. आधार बघून पुन्हा म्हणाला, वय बसत नाही. मी शाळेचा उतारा आणि मतदार यादीचा उतारा पुढं केला आणि काकांनी सांगितलं तसंच म्हणालो, साहेब, हे वयाचे पुरावे आहेत, नाकारत असाल तर कारण लिहून द्या. तो आत गेला. वीस-पंचवीस मिनिटांनी आला आणि शिक्का मारून पोच दिली. एक शब्द बोलला नाही, मीही नाही.

आत्याला उभं राहवत नव्हतं म्हणून ती बाहेर लिंबाच्या पारावर बसली होती. तिथं आणखी पाच-सहा म्हातारी माणसं होती. एका आजोबांच्या आधारावर १ जानेवारीच. मी त्यांना विचारलं, आजोबा, शाळेत गेला होता का? ते म्हणाले, तिसरीपर्यंत. त्यांच्या पिशवीतल्या कागदाच्या मागं मी लिहून दिलं, शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा मागा, निवडणूक शाखेतून मतदार यादीचा उतारा मागा. अर्जासोबत काय काय जोडायचं तेही लिहिलं. त्यांचा मुलगा नाही आला सोबत, पण ते म्हणाले नातीला दाखवतो.

बँकेत अंगठा नाही लागला. ताईंनी सांगितलं तसं दहाही बोटं करून बघितली, उजव्या हाताची करंगळी लागली. सीडिंगही झालं, मी स्वतः तपासलं. आधारावरच्या तारखेचं अजून हातात घेतलेलं नाही, मंजुरी येईपर्यंत तसंच ठेवतोय.

पोच आत्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलीय, मतदान कार्डाच्या शेजारी. आवक क्रमांक माझ्याकडेही आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे असं शाखेत सांगितलं. पंधरा दिवसांनी फोन करतो आणि काय झालं ते इथं लिहितो.

सेतूवाली ताई:

करंगळी लागली वाचून फार बरं वाटलं. कोणतं बोट लागतं ते पासबुकच्या मागं पेन्सिलीने लिहून ठेवा दादा. पुढच्या वेळी तुम्ही नसाल तेव्हा त्या बारावीच्या मुलाला कळायला हवं.